मदत हवी आहे: गाय ३४ व्या दिवशी माजावर आली, म्हणजे मधे गाभण राहिली होती का?

कांदाभजी (२७ एप्रिल, संध्याकाळ)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगून ठेवते.

मी सातपूरला नोकरीला, घर सिन्नर तालुक्यात, शनिवार-रविवार घरी असते. गोठ्यात तीन गायी. त्यातली चंद्री होल्स्टिन संकरित, दुसऱ्या वेताची, दिवाळीच्या पाडव्याला व्यायली. वार (जार) पडायला दीड दिवस लागला पण नंतर खाणंपिणं दूध सगळं व्यवस्थित, १८ लिटरवर गेली होती. प्रॉब्लेम हा की चार वेळा भरवली (कृत्रिम रेतन) आणि चारही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली.

तारखा देते, कारण इथे सगळे आधी तारखाच विचारतात. १० जानेवारीला पहिल्यांदा भरवली, ३१ जानेवारीला उलटली, परत भरवली, २२ फेब्रुवारीला परत उलटली, परत भरवली. मग मार्चमधे काही हालचाल नाही म्हणून आम्ही खूश होतो की यावेळी राहिली, तर २३ मार्चला, रविवार होता, भावाने बघितलं की चंद्री गोठ्यातल्याच शेजारच्या कपिली गायीवर चढतेय. त्याने लगेच फोन करून माणूस बोलावला आणि भरवून घेतली. त्यानंतर ७ एप्रिलला, म्हणजे रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, आईला शेपटीला आणि मागच्या पायाला वाळलेलं रक्त दिसलं. आई म्हणाली, गेलं गं, पडला गर्भ. आणि काल २६ एप्रिलला बाई पूर्ण माजावर, काचेसारखा सोट (माजाचा चिकट स्राव), हंबरणं, सगळं. २३ मार्चपासून मोजलं तर ३४ दिवस.

आता माझा प्रश्न. मी थोडं वाचलं (लॅबवाली आहे, सवय जात नाही) की गायीचा गर्भ साधारण १६-१७ व्या दिवशी इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रोटीन सोडतो आणि त्यानेच गायीच्या शरीराला कळतं की आपण गाभण आहोत, नाहीतर ती २१ व्या दिवशी माजावर येते. मग चंद्री २१ ला आली नाही, ३४ ला आली, म्हणजे गर्भ होता, त्याने निरोपही दिला आणि नंतर गेला, असंच ना? आईला दिसलेलं रक्त पण त्यात बसतं. तसं असेल तर गर्भ टिकवायचं इंजेक्शन पुढच्या वेळी द्यावं का, कारण गावातले एकजण तेच म्हणतायत. वडील तर म्हणतायत बास झालं, हिला बाजार दाखवू. काल म्हणूनच भरवू दिली नाही.

---

खुरपं

ताई काल माज होता आणि भरवली नाही? २१ दिवस वाया घालवले की हो, २१ दिवसांचा खुराक कोण देणार.

आमच्याकडे तीन गायी अशाच उलटत होत्या, शेवटी कळलं की कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरणारा भाऊ थंड कांडी खिशात नाहीतर काखेत धरून गरम करायचा. पाव मिलीची ती कांडी, ३५ ते ३७ डिग्रीच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. आता मी स्वतः थर्मास आणि थर्मामीटर घेऊन उभा राहतो, चिडतो तो पण चिडू दे. आधी ते बघा. इंटरफेरॉन नंतर.

---

हिरवं_रान

माज आल्याच्या दिवसापासून रोज एक मुळा पाच दिवस, मग चार दिवस कोरफड, चार दिवस शेवग्याचा पाला, चार दिवस हाडजोड, चार दिवस कढीपत्ता, थोडा गूळ मीठ लावून. आमच्या दोन गाभण राहिल्या. इंजेक्शनच्या नादी लागू नका.

---

गोदाकाठ

ताई, मी पशुवैद्यकीय खात्यात अख्खी नोकरी केली, आता रिटायर आहे, हात लावून तपासल्याशिवाय बोलू नये हे मान्य, पण तुमच्या तारखा इतक्या छान आहेत की राहवत नाही.

तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. ही गोष्ट आधी मेंढ्यांवर कळली. १९६६ मधे केंब्रिजला मूर आणि रोसन या दोघांनी मेंढ्यांच्या पोटातून वेगवेगळ्या दिवशी गर्भ काढून बघितले. मेंढीचं चक्र १७ दिवसांचं. १२ व्या दिवसापर्यंत गर्भ काढला तर मेंढी वेळेवर माजावर यायची, जणू काही झालंच नाही, आणि १३ व्या दिवसापासून पुढे काढला तर माज लांबायचा. म्हणजे निरोप त्या सुमारास पोचतो. गायींवर तसंच केलं तेव्हा १५ व्या दिवसापर्यंत काढलं तर वेळेवर, १७ नंतर काढलं तर उशिरा. तो निरोप म्हणजे कुठलं प्रोटीन हे नंतर सापडलं आणि १९८७ साली त्याची रचना वाचली तेव्हा ते इंटरफेरॉनच्या घराण्यातलं निघालं, म्हणजे जे आपलं शरीर व्हायरसशी लढायला वापरतं त्याच घराण्यातलं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

काम कसं करतं तर बीजांडावर (अंडाशयावर) पिवळा गोळा असतो, आम्ही सीएल म्हणतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि त्याच्यावर गर्भ टिकतो. गर्भ नसेल तर १६-१७ व्या दिवसानंतर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडून या गोळ्याला संपवतं आणि गाय माजावर येते. गर्भ असेल तर त्याचा इंटरफेरॉन टाऊ हे प्रोस्टाग्लँडिन सुटूच देत नाही. आणि त्यासाठी गर्भाला लांब व्हावं लागतं बरं का, १३ व्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढा असतो तो चार-पाच दिवसात दोऱ्यासारखा वाढून वीतभर होतो. जो वाढत नाही त्याचा आवाज पोचत नाही.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत ती जी २१-२२ दिवसांनी उलटली त्यात दोन्ही शक्य आहे, फळलंच नाही किंवा फळलं आणि दोन आठवड्यांच्या आत गेलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. खरं म्हणजे फलन बहुतेक वेळा होतं, आणि जे जातात त्यातले बरेचसे या पहिल्या दोन-सव्वादोन आठवड्यातच जातात, शेतकऱ्याला वाटतं कांडी फेल गेली. वार दीड दिवस राहिली होती म्हणालात, तिथून गर्भाशयाला हलकी सूज राहिली असण्याचा मला जास्त संशय आहे. पुढच्या माजाला सोट घेऊन डॉक्टरांकडून व्हाईट साईड टेस्ट करून घ्या, सोट आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण समप्रमाणात घेऊन उकळायचं, पिवळं झालं तर आत घाण आहे, रंग आला नाही तर चांगलं. खर्च नाही काही.

पण आता ३४ दिवसांबद्दल. मला तुमच्या आईंना दिसलेलं ते रक्त झोपू देत नाहीये. ७ एप्रिल म्हणजे १५ वा दिवस. १५ व्या दिवशीचा गर्भ म्हणजे वर सांगितला तसला दोरा, तो गेला तर रक्त दिसत नाही, तो विरघळूनच जातो. रक्त दिसतं ते माज संपल्यावर एक-दोन-तीन दिवसांनी, गर्भाशयाच्या आतल्या बारीक केशवाहिन्या फुटून, कालवडीत फार, गायींतही बऱ्याच जणींत. त्याचा गाभण राहण्याशी किंवा न राहण्याशी काही संबंध नाही. मग ७ एप्रिलला रक्त, तर माज कधी होता? ५ च्या आसपास. आणि ५ एप्रिल ते २६ एप्रिल मोजा.

---

कांदाभजी (२७ एप्रिल, रात्री)

२१.

एक मिनिट. ५ एप्रिलपासून मागे २१ गेले तर १५ मार्च. आणि २२ फेब्रुवारी ते १५ मार्च पण २१. म्हणजे ती कधीच चुकली नाही, आम्हीच चुकलो?? मग २३ मार्चला काय होतं? भावाने स्वतः बघितलं की ती चढत होती.

---

गोदाकाठ

चढत होती ना. जी चढते ती माजावर असेलच असं नाही, जी खाली शांत उभी राहते ती नक्की असते. २३ मार्चला शेजारची गाय कशी होती ते भावाला विचारा.

---

कांदाभजी (२८ एप्रिल, सकाळी)

काय सांगू आता. दोन गोष्टी.

एक, भावाला विचारलं. तो आधी भडकला, मग जरा वेळाने स्वतःच म्हणाला की हो, कपिली हलत नव्हती, आणि कपिलीलाच दुसऱ्या दिवशी पण सोट दिसला होता पण तिला उशिरा भरवायचं ठरलेलं म्हणून लक्ष दिलं नाही. १५ मार्चला कुणी गोठ्यात फार नव्हतं, कांदा काढणीची गडबड, आणि धुळवडीचा दुसरा दिवस, भाऊ तर झोपूनच होता.

दोन, आज सकाळी सहाला आईचा व्हिडिओ कॉल. चंद्रीच्या शेपटीला परत रक्त. परवा माज, आज रक्त, आणि यावेळी तर भरवलीच नव्हती, त्यामुळे पडायला काही नव्हतंच. आई पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, मग मी इतके दिवस उगाच हळहळले का.

---

पाटाचं_पाणी

वाचून मजा आली पण एक कडू प्रश्न विचारू का. १५ मार्चला माज कुणी बघितलाच नाहीये. समजा २२ फेब्रुवारीची राहिली होती आणि १५ मार्चला माज आलाच नाही, तर २३ मार्चला ती २९ दिवसांची गाभण होती आणि तुम्ही आत नळी घातलीत. मग त्यानेच गेला आणि ५ एप्रिलला माजावर आली, असंही बसतं की. आमच्या एका गायीचं असंच घालवलंय आम्ही, म्हणून विचारतोय, टोमणा नाही.

---

गोदाकाठ

बरोबर बोललात, मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण ताईंना अजून वाईट वाटेल. बसतं. आता ते सिद्ध करायला मार्ग नाही, २३ मार्चला कुणी हात घालून किंवा सोनोग्राफीने बघितलं असतं तर कळलं असतं, २८ व्या दिवसापासून सोनोग्राफीत गर्भाचा ठोका दिसतो, हाताने मात्र ४५-६० दिवस लागतात. म्हणूनच भरवून चार आठवडे झालेल्या गायीला माज आहे असं वाटलं तरी आधी नळीवर जोर न देता तपासायला सांगायचं. आणि प्रोस्टाग्लँडिनचं, लोक पीजी म्हणतात ते, इंजेक्शन तर न तपासता कधीच नाही, गाभण असेल तर सीएलच संपतो आणि गर्भ गेलाच.

गर्भ टिकवायच्या इंजेक्शनबद्दल: सरसकट देऊ नका. गर्भ मुळात नसेल किंवा गर्भाशयाला सूज असेल तर वरून प्रोजेस्टेरॉन देऊन काय टिकवणार. आधी सोट तपासा.

वनौषधीवाल्या दादांना: मुळा-कोरफड मी वाईट म्हणत नाही, खाऊ घाला, पण २३ मार्चला माजच नव्हता त्याला मुळा काय करेल.

पुढचा माज १७ मे च्या आसपास. सिन्नरचं मे महिन्याचं ऊन म्हणजे दुसरी पंचाईत, भरवल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस गर्भ उष्णतेला सगळ्यात नाजूक असतो. गोठ्यावर ओली गोणपाटं, दुपारी दोनदा पाणी मारणं, पंखा असेल तर पंखा, खुराक पहाटे आणि रात्री. मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम आजपासूनच. सकाळी शांत उभी राहताना दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण बीज सुटतं ते माज सुरू झाल्यापासून २४ ते ३२ तासांनी. तिला दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं मोकळं सोडून बघत बसायचं, बांधलेली गाय काय सांगणार.

---

खुरपं

मी काल २१ दिवस वाया म्हणालो ते मागे घेतो. न भरवल्यानेच कळलं सगळं.

थर्मामीटरचं मात्र मागे घेत नाही.

---

कांदाभजी (२ मे)

अपडेट. डॉक्टर येऊन गेले, बीजांडं दोन्ही चांगली आहेत म्हणाले, गर्भाशय डाव्या बाजूला जरा जाड लागतंय, १७ ला सोट बघून ठरवू. २२ फेब्रुवारीचं मी त्यांना पण विचारलं, ते फक्त हसले आणि म्हणाले असू शकतं.

आईने कालनिर्णयवर १५ मार्च, ५ एप्रिल, २६ एप्रिल अशा लाल पेनने फुल्या मारून १७ मे ला मोठा गोल केलाय, आणि खाली कपिलीच्या तारखा वेगळ्या रंगात. भाऊ १७ ला एका हळदीला जाणार होता, ते कॅन्सल, स्वतःहून. वडिलांशी तह झालाय, वटपौर्णिमेपर्यंत बाजाराचं नाव काढायचं नाही, १० जून आहे. थर्मामीटर मी लॅबमधून नाही, विकत घेतलाय, खुरपं दादांसाठी सांगते.

१७ ला काय होतं ते इथेच लिहीन.