किमोच्या आधी अश्वगंधा, शिलाजित दिलं तर पुढे मूल होण्यात अडचण येत नाही का? भाऊ, वय २४

साताऱ्याची_ताई:
धाकट्या भावाला हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघालाय, लग्न व्हायचंय अजून. सोमवारपासून एबीव्हीडी किमो, म्हणजे चार औषधं एकत्र देतात ती. बरा होईल असं डॉक्टर म्हणाले पण पुढे मूलबाळाचं काय ते कोणी बोललंच नाही. मामीने अश्वगंधा चूर्ण, शिलाजित आणि कलौंजीचं तेल आणून दिलंय, याने बीज शाबूत राहतं म्हणते, नेटवरही तसे रिसर्च दिसतात. आई रोज रात्री दुधातून देतेय. कोणाला अनुभव?

फार्मावाला:
ताई, ते रिसर्च बहुतेक उंदरांवरचे आहेत. एमफार्मला असताना जवळून बघितलंय, उंदराला सायक्लोफॉस्फामाइड हे किमोचं औषध द्यायचं, सोबत कलौंजी नाहीतर हळदीतलं कर्क्युमिन, नंतर वृषणाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, शुक्राणू बनतात त्या नळ्यांमधले पेशींचे थर जास्त टिकलेले दिसतात. पण त्या उंदराला कॅन्सर नसतो हो! मग तीच गोष्ट गाठीलाही वाचवतेय का हे कळणार कसं? शिवाय अश्वगंधाने लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत आणि एबीव्हीडीतल्या काही औषधांचा निचरा लिव्हरच करतं. दूध द्या, चूर्ण थांबवा, आणि डबे घेऊन डॉक्टरांना दाखवा.

पंचगंगा८८:
मला २०१७ ला वृषणाचा कॅन्सर झाला होता. सोमवारच्या आत स्पर्म फ्रीझ करून घ्या, बाकी सगळं नंतर. मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मी लाजून विचारलं नाही, सलाइन लावताना नर्सने हळूच विचारलं "बँकिंग केलं का रे?" म्हणून तो डोस दोन दिवस पुढे ढकलला. छोटी खोली, नावाचं स्टिकर लावलेली प्लास्टिकची डबी, बस एवढंच असतं, मग ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला ठेवतात. एबीव्हीडीनंतर बऱ्याच जणांचं शुक्राणू बनणं परत सुरू होतं पण गॅरंटी नाही. लिम्फोमात काउंट आधीच कमी असू शकतो, तरी द्या, इक्सीला (लॅबमध्ये शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात) एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू लागतो. आणि ताई, हे त्याच्याशी तुम्ही नका बोलू, एखाद्या जवळच्या मित्राला सांगा, तुमच्यासमोर तो नाहीच म्हणेल.

साताऱ्याची_ताई:
चूर्ण आजपासून बंद केलं. चुलतभाऊ बोलला त्याच्याशी, तो लगेच हो म्हणाला, त्याच्याही मनात तेच होतं म्हणे. उद्या सकाळी पुण्याला निघतायत दोघं. एकच सॅम्पल होईल, चालेल ना?

पंचगंगा८८:
चालेल. माझंही एकच होतं. मुलगी साडेतीन वर्षांची आहे आता.