कारवान हाक ऐकत नाही, फाटकात कुणाला येऊ देत नाही. शिकवायचं कसं?

माळावरचा

वस्तीवर वीस महिन्यांचा कारवान जातीचा कुत्रा आहे, नर. वजन २६ किलो, नाव वाघ्या. रेबीजची आणि बाकीच्या लसी झाल्यात, खच्चीकरण केलेलं नाही. दिवसा फाटकाशेजारी साखळीला असतो, रात्री मोकळा.

हातात तुकडा दिसला की 'बस' म्हटल्यावर बसतो. पण बाहेर सुटला आणि काही पळताना दिसलं, की कितीही ओरडा, मान वळवत नाही. परत आला तरी दोन हात लांब घुटमळतो, धरू देत नाही. सकाळी सहाला दुधाची गाडी येते, त्या माणसावर आणि गड्यांवर धावून जातो. नुकतीच एका गड्याची पँट धरली, दात लागला नाही एवढंच. शिवाय जेवताना जवळून कुणी गेलं की गुरगुरतो, आणि घरात सहा वर्षांची मुलगी आहे.

गावात सल्ले मिळतात ते असे: दोन फटके द्या, उपाशी ठेवा, काटेरी पट्टा घाला. आल्सेशियन चटकन शिकतात, कारवान शिकतच नाही असंही म्हणतात. राखण हवीच आहे, पण माणूस ओळखून. सुरुवात कुठून करू?

सोनतळी

शिकतो. पण आल्सेशियनच्या पद्धतीनं नाही. आल्सेशियन मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून आलेला, माणसाच्या तोंडाकडे बघत काम करायची त्याची पैदास. कारवान नजरेनं शिकार करणारा. ससा उठल्यावर मालकाला विचारायला मागं वळणारा कुत्रा शिकाऱ्याच्या काय कामाचा? न विचारता धावणाराच पिढ्यान् पिढ्या निवडला गेला. म्हणून त्याला हुकूम ऐकण्यात स्वतःचा फायदा स्पष्ट दिसावा लागतो, आणि एकच गोष्ट वीस वेळा करून घेतली तर तो उठून जातो. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, जेवणाआधी. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर.

मी हाकेपासून सुरुवात करेन.

जुनी हाक सोडून द्या. 'वाघ्या ये' म्हणजे साखळी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय; लांब घुटमळतो तो त्यामुळेच. साधी शिट्टी घ्या, दोन आखूड फुंका. माळावर वाऱ्यात ती लांब जाते, घरातल्या कुणीही वाजवली तरी सूर तोच राहतो आणि तुमचा वैताग त्यात उतरत नाही.

खाऊ म्हणून उकडलेलं चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे. अधूनमधून कलेजी, पण ती दिवसाला ३०-४० ग्रॅमच्या आत, नाहीतर पोट बिघडतं. हे रोजच्या जेवणातून वजा करायचं. रश्श्यातले तुकडे अजिबात नकोत. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

पहिला आठवडा घरातच. तो शेजारी असताना शिट्टी, आणि सेकंदाच्या आत तुकडा तोंडात. दहा वेळा झालं की थांबायचं. त्याच्याकडून काहीच करून घ्यायचं नाही, फक्त शिट्टीमागोमाग खाऊ येतो हे बसू द्यायचं. शिट्टी वाजताच मान गर्रकन वळायला लागली की अंगणात तीन-चार मीटरवरून. त्यानंतर बाहेर, पण लांब दोरीवर.

दोरी १० मीटर, पाऊण इंच रुंद चपटी नायलॉनची पट्टी. गोल दोरी हाताची साल काढते. मोकळ्या टोकाला गाठ किंवा फास ठेवू नका, झुडपात अडकतो. आणि दोरी हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीला लावा, गळपट्ट्याला कधीच नको. हा चार-सहा झेपांत पूर्ण वेगाला येतो. दोरी संपताना तो सगळा झटका मानेच्या मणक्यांवर आणि श्वासनळीवर येतो.

आला की आधी एका हातानं गळपट्ट्याला स्पर्श, मग दुसऱ्या हातानं गुडघ्यालगत खाऊ, आणि लगेच 'जा' म्हणून परत सोडायचं. दहातल्या नऊ वेळा सोडायचंच. धरलं तरी खेळ संपत नाही हे कळलं की घुटमळणं सुटतं. इथं बहुतेकांची घाई होते: दोन वेळा नीट आला की तिसऱ्यांदा बांधून टाकतात, आणि गाडी मूळपदावर येते.

शिट्टी एकदाच. तीन सेकंदांत निघाला नाही तर पुन्हा वाजवू नका, ओढूही नका. जवळ जा, अंतर निम्मं करा. दहात आठ वेळा लगेच येत असेल तरच पुढचं अंतर. सहाच्या खाली आला तर मागची पायरी.

या जातीला खाऊपेक्षा पळती वस्तू जास्त प्रिय, ती बक्षीस म्हणून वापरा. दीड मीटर बांबू, टोकाला दोन मीटर दोरी, तिला चिंधी. शिट्टी, तो आला, की चिंधी जमिनीवरून पळू लागते. दोन-तीन मिनिटं पुरे, मऊ मातीवर, आणि जेवणानंतर किमान तासभर नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फिरण्याचा धोका असतो आणि ते जिवावर बेततं.

निळाई

हाकेचं वर आलंय, मी फाटकाचं सांगते. माझ्या मते आधी तेच हातात घ्या, कारण पँट धरली ही चावण्याच्या अलीकडची पायरी आहे.

साखळी फाटकापासून आजच हलवा. तिथं बांधलेला कुत्रा प्रत्येक येणाऱ्याला बघतो, जवळ जाऊ शकत नाही, दूरही पळू शकत नाही. त्याच्याकडे भुंकून हाकलणं एवढंच उरतं. आणि ते रोज यशस्वी होतं! दूधवाला दूध घेऊन जाणारच असतो, वाघ्याला वाटतं आपण भुंकलो म्हणून गेला. रोज सकाळी सहाला हा धडा त्याला मिळतोय. घराच्या मागच्या बाजूला सावलीत जाळीचं आवार करा, किमान सहा फूट उंच, कारण कारवान कमी उंचीवरून सहज उडी मारतो. रस्त्याकडच्या बाजूला हिरवी शेडनेट लावा, म्हणजे दिसणं बंद. गाडीच्या वेळेला तो तिथंच असला पाहिजे. शिकवणं पुरं होईपर्यंत चुकीचा सराव तेवढा थांबला, तरी अर्धं काम झालं.

आता माणसांची सवय. आधी अंतर शोधा: माणूस दिसतोय, कान त्याच्याकडे आहेत, पण वाघ्या तुमच्या हातातला तुकडा घेऊन खातोय. ते २० मीटर असेल, ४० असेल. तुकडा नाकारला किंवा बोटासकट ओरबाडला तर तुम्ही फार जवळ आहात. त्या अंतरावर एका ओळखीच्या गड्याला उभं करा. गडी दिसला की तुकड्यांमागून तुकडे. गडी आडोशाला गेला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे, आधी माणूस, मग खाऊ. उलट केलंत तर खाऊची पिशवी दिसली की कोणीतरी येणार, असं त्याला वाटू लागतं आणि तो पिशवीलाच बिचकतो. गडी दिसताच तो आपण होऊन तुमच्याकडे वळू लागला, की दोन मीटर जवळ. त्याहून जास्त नाही.

गड्याच्या हातून खाऊ देऊ नका. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यातच माणसं चावली जातात. कुत्रा खाण्याच्या ओढीनं जवळ जातो, तुकडा संपतो, आणि अचानक त्याच्या लक्षात येतं की आपण परक्याच्या पायाशी आहोत. द्यायचाच असेल तर गड्यानं कुत्र्याच्या *पाठीमागे* लांब फेकावा, म्हणजे खायला तो माणसापासून दूर जातो. गड्यानं डोळ्यांत बघू नये, वाकू नये, डोक्यावर हात नेऊ नये. कारवानला परक्यानं हात लावलेला मुळात आवडत नाही. त्यानं सगळ्यांचे लाड करून घ्यावेत ही अपेक्षा सोडा, दुर्लक्ष करायला शिकला की काम झालं.

गुरगुरण्यावर कधीही मारू नका. गुरगुर ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. त्याआधीच्या खुणा घरातल्या सगळ्यांना शिकवा: अंग ताठ होणं, उघडं तोंड मिटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, काही कारण नसताना ओठ चाटणं.

भांड्याचं: जेवताना भांडं ओढून 'मालक कोण' दाखवणं थांबवा, त्यानं जेवणावर गुरगुरणं वाढतंच. बाजूनं जाताना तो ज्या अंतरावर अजून शांत आहे तिथून भाकरीपेक्षा चांगलं काहीतरी भांड्याकडे टाका आणि चालू पडा. थांबायचं नाही. पुढच्या आठवड्यांत थोडं थोडं जवळून. मुलीकडून हे करून घ्यायचं नाही. त्याचं जेवण बंद आवारातच, आणि मोठं माणूस लक्ष ठेवून नसताना मुलगी व वाघ्या एका जागेत नकोत.

जाळीच्या मुसकीची सवय आत्ताच लावा. कापडी पट्टीची मुसकी उन्हात जीव घेईल, तोंड उघडून धापता आलं पाहिजे आणि पाणीही पिता आलं पाहिजे. या जातीचं तोंड लांब आणि अरुंद, म्हणून मापं घेऊनच मागवा: डोळ्यांच्या खालून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी, अधिक एक सेंटिमीटर, आणि तोंडाचा घेर. आत दही लावून त्याला स्वतः तोंड घालू द्या. पट्टा बांधायची घाई आठ-दहा दिवस करू नका. सवय झाल्यावर गड्यांबरोबरचा जवळचा सराव मुसकी घालूनच.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. कान, दात, सांधे, गोचीडताप. दुखणाऱ्या कुत्र्याला कुठलीच शिकवणी लागू पडत नाही.

रानवाट

दोन्ही प्रतिसादांशी सहमत. गळ्यातल्या पट्ट्याबद्दल थोडी भर.

कारवानचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं. साधा पट्टा तो मागे सरकत क्षणात काढतो, आणि तो नेमका फाटकावर माणूस असताना काढतो. दीड-दोन इंच रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या: ओढ बसली की ठरावीक मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही. पूर्ण आवळलेल्या स्थितीत तो कानांवरून निघता कामा नये, तसं माप लावून बघा. बाहेर नेताना दोर हार्नेसला आणि दुसरा आखूड दोर मार्टिंगेलला, असे दोन.

काटेरी पट्ट्याचं नुकसान जखमेपेक्षा मोठं आहे. कुत्रा माणसाकडे बघत असताना काटे टोचले, तर त्याच्या लेखी टोचलं ते त्या माणसामुळे. दूधवाला आला की मान दुखते, मग दूधवाल्याला आणखी लांबूनच हाकलायचं. आधी निदान संशय होता, आता खात्री झाली. उपाशी ठेवण्यानं भांड्याची राखण वाढते. उताणा पाडून दाबून धरणं हेही त्याच माळेतलं. लांडग्यांच्या कळपातल्या 'म्होरक्या'ची ती कल्पना १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, आणि १९९९ मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी रानातले कळप म्हणजे आईबाप आणि पिल्लं असतात हे मांडून ती मोडीत काढली.

एक स्पष्ट सांगतो. शिट्टी कितीही पक्की झाली तरी उघड्या माळावर समोरून ससा उठला तर कारवानची खात्री देता येत नाही. मोकळं सोडायचं ते कुंपणाच्या आतच. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

दिवसभर साखळीला ठेवणंही तपासून घ्या. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा गुन्हा मानतो.

माळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आवाराचं काम या आठवड्यात करतो. तीन शंका आहेत. आजी त्याला 'यू यू' करून बोलावते, मुलगी 'कम' म्हणते, मी 'ये', चालेल का? खच्चीकरणानं फाटकावरचा ताव कमी होईल का? आणि तो शांत झाला तर राखण कोण करणार?

सोनतळी

आजींना शिट्टीच द्या, गळ्यात दोरीनं अडकवून. सगळ्यांसाठी एकच यादी करून स्वयंपाकघराच्या दारावर लावा: शिट्टी म्हणजे यायचं, 'बस', 'थांब', 'सोड', 'जागेवर', 'जा'. 'थांब' म्हणजे नुसतं थांबणं की भुंकणं बंद करणं, हे आधी ठरवा. एका शब्दाचे दोन अर्थ झाले की तो शब्द मेला.

राखणीची काळजी करू नका. भुंकू दे, तीन-चार वेळा भुंकला की 'हां, बघितलं' म्हणून स्वतः फाटकाकडे बघा, मग 'जागेवर'. 'जागेवर'साठी ओसरीत गोणपाट टाका, फाटकापासून दहा-बारा मीटर लांब. आधी कुणी नसताना, पाच सेकंद बसला की गोणपाटावरच खाऊ ठेवायचा, मग पंधरा सेकंद, मग मिनिट. दोन मिनिटं जमली की तुम्ही फाटकाची कडी वाजवायची. मग फाटक उघडायचं. मग घरातलं माणूस आत येणार. अंतर, वेळ आणि गडबड या तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवा. एक वाढवताना बाकीच्या दोन कमी करा. गडी आणि दूधवाला सगळ्यात शेवटी, तेही दोरी लावून.

निळाई

खच्चीकरणानं भटकणं आणि जागोजागी मुतणं कमी होतं. परक्याच्या भीतीतून येणारं धावून जाणं त्यानं जातंच असं नाही, काही कुत्र्यांत वाढतंही. त्यामुळे फाटकासाठी म्हणून करू नका, दुसऱ्या कारणांसाठी केलंत तर डॉक्टरांना भूल देण्याआधी जात आवर्जून सांगा. या सडपातळ कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते, आणि थायोपेंटोनसारख्या भुलेतून ती उशिरा बाहेर येतात.

दूधवाल्यासाठी सोपी गोष्ट: पहिले काही आठवडे कॅन फाटकाबाहेर ओट्यावर ठेवा, आत यायची गरजच नको. आणि दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना, कुत्र्याला लस झालेली असली तरी. वाघ्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं, लस-कार्ड गड्यांनाही माहीत असेल अशा जागी ठेवा.