वऱ्हाडी बोललं तर पोराचं कौतुक, पोरीची चूक?

पूर्णाकाठ (दर्यापूर):
आमच्या भागातल्या व्हिडिओंत पोरं 'काहून बे', 'काय करून राहिला' असं बिनधास्त बोलतात. पोरी मात्र मोबाइल सुरू झाला की भाषा बदलतात. माझी वहिनी स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते. एरवी शेजारणीला म्हणते, "काय वं, सांबार आणला का?" रेकॉर्डिंग सुरू झालं की, "मैत्रिणींनो, आता आपण कोथिंबीर घालणार आहोत." पातोडीची पाटवडी होते. एकदा तोंडून सांबार निघून गेला, तर खाली प्रश्न : इडलीसोबतचा सांबार भाजीत कशाला? तेव्हापासून ती जपून बोलते. 'बे' चालतो, मग 'वं' का नाही? वऱ्हाडी बोलणारी बाई अडाणी, हे आपणच ठरवून ठेवलंय.

तूरवाला (कारंजा):
नाही पटलं. फरक बाई-पुरुषाचा नाही, विषयाचा आहे. पोरं विनोद करतात, त्यात बोली लागतेच. रेसिपी पाहणारी कोल्हापूरची असेल, तर सांबार म्हणजे कोथिंबीर हे तिला कसं कळावं? फवारणीचे व्हिडिओ करताना मीही पुस्तकी मराठीच बोलतो. पंपाला औषध किती, यात घोटाळा झाला तर उभं पीक जळतं.

पऱ्हाटी (अचलपूर):
दादा, माह्यंबी चॅनल सोयाबीन-तुरीचंच हाय. विषय एकच. मागच्या खरिपात म्हटलं, "मी सकाळीच वावरात गेली." खाली लगेच सुरू, "ताई, गेली नाही, गेले म्हणा." माहा भाऊ व्हिडिओत 'मी गेलो' म्हणते. पुण्याचा माणूसबी 'गेलो'च म्हणते. त्याले कोण टोकन? आम्ही 'मी आली', 'मी गेली' म्हटलं की पहिल्याच वाक्यात पकडल्या जातो. सोयाबीनच्या खोडमाशीवर सांगून राहिली होती, तिच्याबद्दल एकानंबी विचारलं नाही.

निवृत्त मास्तर (अकोट):
ताईंचा अनुभव खरा आहे. पण हे फक्त वऱ्हाडात घडत नाही. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांचा इंग्लंडमधल्या नॉरविच शहराचा अभ्यास १९७४ साली पुस्तकरूपात आला. तिथेही बायकांचं बोलणं पुरुषांपेक्षा प्रमाण भाषेच्या जवळचं निघालं. माझ्या विद्यार्थिनी मुलाखतीत प्रमाण मराठी बोलून नोकरीला लागल्या. त्यांनी ती कमावली आहे. तिला दडपण म्हणू नका.

पूर्णाकाठ (दर्यापूर):
सर, त्याच ट्रडगिल यांना नॉरविचचे पुरुष प्रत्यक्षात बोलतात त्यापेक्षा आपण जास्त गावठी बोलतो असं सांगताना आढळले. म्हणजे रांगडं बोलणं पुरुषाला शोभतं, तो ते मिरवतो. बाईला ही सोय कुठे आहे? मुलाखतीत प्रमाण बोलावं, मान्य. पण स्वतःच्या चुलीपाशी?

तूरवाला (कारंजा):
'गेली'चं माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याबाबत पऱ्हाटीताईंचं बरोबर. सांबाराबाबत मी ठाम आहे. वहिनींनी बोलताना सांबार म्हणावं, पडद्यावर खाली कोथिंबीर लिहावं.

पऱ्हाटी (अचलपूर):
आन् कोल्हापूरवाली कोथिंबीर म्हणन, तवा ते खाली सांबार लिहीन का?

पूर्णाकाठ (दर्यापूर):
वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं. अंबाडीच्या भाजीचा व्हिडिओ तिनं दोनदा काढून ठेवलाय, एक प्रमाण भाषेत, एक आपल्या बोलीत. आज संध्याकाळी बोलीतला टाकते म्हणाली.