पुरात आलेला मेसेज आधी तपासायचा की आधी पाठवायचा?

मांजलपूरकर:
आमच्या बडोद्याच्या मंडळाच्या ग्रुपवर एक नियम करावा असं मला वाटतं: पुराच्या दिवसांत स्वतः पाहिलेलं नसेल तर पुढे पाठवायचं नाही. मागच्या पुरात "अजवा तूटी गयो, भागो" (अजवा धरण फुटलं, पळा) असा आवाजी मेसेज आला. बोलणारा कोण, कुठला, पत्ता नाही. वर फॉरवर्डचे दोन बाण. धरण जागच्या जागी होतं. पण दुसऱ्या मजल्यावर सुखरूप असलेली म्हातारी माणसं जिना उतरून कमरेएवढ्या पाण्यात आली. विश्वामित्री नदीचं पाणी, म्हणजे त्यात मगरी.

समा, तळमजला:
मला नाही पटत. 31 जुलै 2019ला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला. गल्लीतल्या मुलाचा मेसेज आला म्हणून आईला वेळेत वर नेता आलं. सरकारी सूचनेची वाट बघितली असती तर? दहा खोटे आले तरी चालतील, तो एक अडायला नको.

मांजलपूरकर:
तो मुलगा गल्लीत उभा होता, स्वतःच्या नावानं लिहीत होता. तो नियमात बसतोच.

दांडियाबाजार:
"दहा खोटे चालतील" हे वाचून राहवलं नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारे समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. त्या काळात मोटरसायकलवरून मूल उचलून नेणारा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा. मूल परत आणून देतात आणि पाटी दाखवतात, नेमका तेवढा शेवट कापलेला!

समा, तळमजला:
राईनपाड्याबद्दल दुमत नाही. माणसावर आळ घेणारा मेसेज तपासल्याशिवाय पाठवूच नये. पाण्याचं तसं नाही. 2019मध्ये रस्त्यावरच्या मगरीचा व्हिडिओ बघून आमचे बाहेरगावचे नातेवाईक "एडिट केलंय" म्हणत होते. मगर खरी होती. शंका काढत बसणंही महागात पडतं.

रावपुरा:
मगर खरी होती हेही कोणीतरी तपासलं म्हणूनच कळलं ना? अजव्याला 62 दरवाजे आहेत. त्यांतून पाणी सोडणं वेगळं, धरण फुटणं वेगळं. काळा घोडा पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी वेळेसकट लिहा; 26 फूट ही धोक्याची खूण. आकडा नसेल तर मेसेज थांबवा.

समा, तळमजला:
रात्री दोनला वीज गेलेली असताना तो आकडा आमच्यापर्यंत कोण पोचवणार? तेवढं ठरवा, नियमाला माझाही हात वर.