'व्हिजिलांटी'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : न्यूयॉर्कवरचा एक लेख मराठीत आणतोय. 22 डिसेंबर 1984 ला तिथल्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या माणसाने चार कृष्णवर्णीय पोरांवर गोळ्या झाडल्या. त्यांच्यातल्या एकाने त्याच्याकडे पाच डॉलर मागितले होते. चौघेही वाचले, पण एक जन्माचा अपंग झाला. पेपरवाल्यांनी गेट्झला 'सबवे व्हिजिलांटी' म्हटलं, म्हणजे भुयारी रेल्वेत स्वतःच न्याय करायला निघालेला. मी 'जागल्या' लिहिलंय, आणि पोरांना 'टोळकं'. चालेल?

उत्तर : 'जागल्या' नको. मुळाशी अर्थ जुळतो हे खरं; लॅटिनमधलं जागं राहणं, पहारा देणं स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आलं. पण आपला जागल्या गावाने नेमलेला रखवालदार. चोरी झाली की त्याने माग काढायचा, तो शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या गळ्यात घालायचा, नाहीतर भरपाईचा बोजा त्याच्यावर. त्याला जाब विचारणारा गाव होता. गेट्झला कोणी नेमलं होतं? शिवाय आता गैरप्रकार उघड करणाऱ्यालाही 'जागल्या' म्हणतात, म्हणजे शब्दाला मान आहे. तो मान इथे द्यायचा का? 'कायदा हातात घेणारा' लांबडं आहे, पण तेच लिहा.

'टोळकं' तर आधी काढा. टोळकं म्हटलं की वाचकाच्या मनात निकाल लागतो. तेव्हाही असंच झालं. पोरांकडे धार लावलेले स्क्रूड्रायव्हर होते अशी बातमी पसरली. स्क्रूड्रायव्हर होते, धार नव्हती. माहिती कळवायला पोलिसांनी दिलेल्या नंबरवर लोक फोन करून गेट्झला शाबासकी देत होते. लुटालुटीला शहर किती कावलं होतं ते यातून कळतं. पण पोलिसांपुढच्या जबाबात तो स्वतः म्हणतो की एकाकडे बघून मी म्हणालो, "तू ठीक दिसतोस, ही घे आणखी एक." हे वाक्य लेखात असेल तर गाळू नका.

प्रश्नकर्ता : आहे, ठेवतो. 'चार तरुण' करतो, सगळे 18-19 वर्षांचेच होते. आता एकच अडलंय. 1986 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोळ्या झाडायला गेट्झला भीती वाटली एवढ्याने भागत नाही, ती 'रीझनेबल' हवी. 'वाजवी भीती' लिहिलं तर बाजारभाव आठवतो.

उत्तर : 'साधार' बघा. त्याच्या जागी दुसऱ्या समंजस माणसालाही तसंच वाटलं असतं का, हे ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, तपासायचं होतं. 'साधार' म्हटलं की आधार कशाचा, हे लगेच विचारावं लागतं. पाच डॉलर मागण्याचा, की कातडीच्या रंगाचा?

प्रश्नकर्ता : घेतला. वाक्य असं झालंय : "त्याची भीती साधार होती का, हा प्रश्न ज्यूरीपुढे होता; 1987 मध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडलं, शिक्षा झाली ती फक्त बेकायदा पिस्तूल बाळगल्याची. 1996 मध्ये दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीने अपंग झालेल्या तरुणाला 4 कोटी 30 लाख डॉलर द्यायला सांगितलं."