रॅममध्ये कंपाइल केल्याने वेळ खरंच वाचतो का?

बिटबहाद्दर:
"जेन्टूवर पोर्टेजची टेम्प डिरेक्टरी टीएमपीएफएसवर टाका, निम्म्या वेळात कंपाइल होतं." कालच्या या पोस्टखाली नुसती वाहवा. (जेन्टू म्हणजे सोर्स कोडवरून प्रोग्राम आपल्याच मशीनवर कंपाइल करायला लावणारं लिनक्स, पोर्टेज हे त्याचं प्रोग्राम बसवणारं साधन, आणि टीएमपीएफएस म्हणजे रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टिम.) मोजलं कसं, ते एकानेही विचारलं नाही! आधी डिस्कवर बिल्ड, लगेच पाठोपाठ रॅममध्ये. अहो, पहिल्या फेरीतच सगळ्या हेडर फाइली पेज कॅशमध्ये, म्हणजे डिस्कवरून वाचलेलं रॅममध्ये जपून ठेवतात तिथे, येऊन बसल्या, दुसरीला आयत्या मिळाल्या. मध्ये कॅश रिकामी करा, मग मोजा. जीसीसी हा कंपाइलर प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीला (कंपाइल झालेल्या तुकड्याला) एफसिंक करत नाही, म्हणजे ती लगेच डिस्कवर उतरवायला लावत नाही. लिहिलेलं आधी रॅममध्येच पडतं, आणि कर्नल साधारण 30 सेकंदांनी ते मागच्या मागे डिस्कवर उतरवतो. वेळ खातो तो प्रोसेसर.

रात्रपाळी:
पुस्तकी ज्ञान. माझ्या जुन्या लॅपटॉपला फिरती हार्ड डिस्क आहे. कर्नलचा टारबॉल (सोर्स फाइलींचा गठ्ठा) सोडवतानाच तिची खरखर सुरू होते. टीएमपीएफएसवर तेच काम चुटकीसरशी. शिवाय एसएसडीची झीज? क्रोमियम ब्राउझर एकदा बिल्ड करून बघा, किती जीबी लिहिलं जातं.

बिटबहाद्दर:
हजारो बारीक फाइली सोडवताना आणि पुसताना हार्ड डिस्क मागे पडते, घ्या, मान्य. पण तो कंपाइलचा वेळ नव्हे. आणि टीएमपीएफएस काही सांगितलं नाही तर अर्धी रॅम घेऊ शकतं. 8 जीबीच्या मशीनवर क्रोमियम त्यात घाला, रॅम भरून स्वॅप (रॅममधलं डिस्कवर हलवणं) सुरू झाला की पुन्हा डिस्कवरच आलात.

माळरान:
तुम्ही शहरवाले वेगावर भांडा. आमच्याकडे दुपारी वीज गेली की परत कधी येईल सांगता येत नाही. रॅममधली बिल्ड गेली ती गेलीच. डिस्कवर असली तर मेक हा बिल्ड चालवणारा प्रोग्राम उरलेलं तरी करतो.

रात्रपाळी:
शहरात वीज जात नाही हे कुणी सांगितलं? आमच्या सोसायटीत पहिल्या पावसातच अंधार होतो. आणि डिस्कवर तरी काय उरतं? वीज अचानक गेली की शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली सापडतात. मेकला त्या ताज्या वाटतात आणि तुकडे जोडणारा लिंकर अडतो. सगळं परत पहिल्यापासून.

माळरान:
म्हणून काय रोज सगळंच घालवायचं? एक इन्व्हर्टर घ्यायचा तर माझा हंगामाचा हिशोब कोलमडतो.

बिटबहाद्दर:
माळरान, सीसीकॅश डिस्कवर ठेवा, बिल्ड कुठेही करा. आधी झालेल्या फाइली दुसऱ्यांदा तिथूनच मिळतील. वीजवाल्यांवर वेगळा धागा काढा, मीही येतो तिथे.

रात्रपाळी:
ठीक, कॅश रिकामी करून मोजतो. पण एसएसडीच्या झिजेचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.