लाइटरूमचा कॅटलॉग बाह्य ड्राइव्हवर ठेवताना

लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या छायाचित्रे सांभाळण्याच्या व संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉगची फाइल नव्या संगणकावर नेल्यावर सगळी छायाचित्रे हरवल्याचे दिसते, या अनेकांना येणाऱ्या अडचणीबाबत थोडे सांगतो. या कॅटलॉगमध्ये मूळ छायाचित्रे नसतातच. त्यात आपण केलेले बदल, कीवर्ड आणि प्रत्येक मूळ फाइलचा पत्ता यांची नोंद असते, त्यामुळे विंडोजने त्याच ड्राइव्हला दुसऱ्या संगणकावर वेगळे अक्षर (उदा. D: ऐवजी E:) दिले की तो पत्ता चुकू शकतो. म्हणून कॅटलॉग आणि छायाचित्रे एकाच बाह्य एसएसडीवर ठेवावीत आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या सोयीत जाऊन दोन्ही संगणकांवर त्या ड्राइव्हला एकच अक्षर द्यावे. तरीही फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसलेच, तर छायाचित्रे पुन्हा इम्पोर्ट मुळीच करू नयेत. सर्वांत वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून हरवलेला फोल्डर शोधण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे आतील रचना तशीच असल्यास खालचे फोल्डरही जुळतात. प्रीव्ह्यू (लाइटरूमने पाहण्यासाठी तयार केलेल्या छायाचित्रांच्या प्रती) सोबत नेले नाहीत तरी चालते, ते पुन्हा तयार होतात. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, ड्राइव्ह काढण्यापूर्वी लाइटरूम पूर्ण बंद करून ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करावा, कारण कॅटलॉग ही एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल आहे आणि लेखन अर्धवट तुटल्यास ती बिघडू शकते. तिचा बॅकअपही त्याच ड्राइव्हवर न घेता संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर घ्यावा.